डब्याचे चार स्क्रू

६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस, म्हणजे आज माझं नशीब बरं दिसतंय. फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच येत नाही. त्या खुणांकडे बघत बसणं या वयात मला झेपत नाही. पत्राचं बरं असतं. वाचलं की नाही ते कळत नाही, त्यामुळे वाचलं असेल असं धरून चालता येतं.

दर रविवारी तुझी आई तुझ्याशी बोलायला बसली की मी वर्कशॉपमध्ये निघून येतो. नंतर "काय म्हणाली?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरी आहे." दोन वर्षांत मला तुझ्याबद्दल एवढंच समजलंय : तू बरी आहेस, खोली बदललीस, आणि थंडीत गुडघा दुखतो. पोस्टमन याहून जास्त सांगेल.

तर बातमी अशी, की वर्कशॉपमध्ये एक बॉडी आली आहे. घाबरू नकोस, जेट स्कीची आहे. बसकीची नाही, उभीची. (बसून चालवायची ती बसकी आणि उभ्याने चालवायची ती उभी, हे आपल्या घरातलं बोलणं बाहेर कुणापुढे निघालं की लोक अजून हसतात.) कंपनीची नाही ही. एक माणूस स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या साच्यात फायबरच्या बॉड्या काढतो, त्याच्याकडची. कंपनीच्या बॉडीपेक्षा इतकी हलकी, की मी आणि तुझ्या आईने दोन टोकांना धरून आत आणली आणि वाटेत आमचं भांडणसुद्धा झालं नाही. नाक जरा वर उचललेलं, पाय ठेवायची जागा खोल. पण आत काही म्हणजे काही नाही. एक भोकसुद्धा नाही. इंजिन कुठे बसवायचं, धूर कुठून काढायचा, पाणी कुठून घ्यायचं, सगळं बसवणाऱ्याने ठरवायचं. पस्तीस वर्षं या तळ्याकाठी लोकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय, पण इतकी कोरी पाटी कधी हातात आली नव्हती.

एका गिऱ्हाइकासाठी आहे. गिऱ्हाईक साधारण तुझ्याच उंचीचं.

एक विचारायचं होतं. पायांच्या खोबणी चिकटवायच्या तर पुढे कुठला पाय हे आधी कळायला हवं. तुझा उजवा असायचा. अजूनही तोच का? सहज विचारतोय.

तुझा,
बाबा


२२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही. मला थापा मारता येत नाहीत, आणि ज्या मारतो त्या तुला पहिल्या ओळीतच कळतात. ती तुझ्यासाठी आहे.

आता हे लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो. तुझी जुनी उभी मी भंगारात दिली असं तुला सांगितलं होतं. फक्त बॉडी दिली होती. इंजिन, पंप, हँडलचा दांडा, विजेचा डबा, सगळं माळ्यावर ताडपत्रीखाली आहे. इंजिनाला मी दर दोन महिन्यांनी तेल देत होतो. तुझ्या आईला वाटायचं मी माळ्यावर सिगरेट ओढायला जातो, म्हणून ती माझे खिसे तपासायची. तिला काही सापडलं नाही. काही नव्हतंच.

तू हॉस्पिटलात होतीस, गुडघ्यात सळ्या घातलेल्या, आणि मी पाच दिवसांत तुझी स्की सुटी करून टाकली. तुला विचारलंसुद्धा नाही. तू घरी आलीस, रिकामा स्टँड पाहिलास, आणि म्हणालीस, "बाबा, माझी होती ती." मी म्हणालो, तू पुन्हा पाण्यात जाऊ नयेस म्हणून केलं. दोन महिन्यांनी तू ती नोकरी धरलीस आणि गेलीस. रागावून गेलीस ते बरोबरच होतं. मी त्या वेळी जे कारण दिलं ते पूर्ण नव्हतं, पण ते पुढे कधीतरी.

कामाचं सांगतो. भोकं पाडायला सुरुवात केली. तुला माहीतच आहे, आपल्या घरात माप टेपने घेत नाहीत, कागदाने घेतात. तुझ्या आजोबांना आकडे लिहिता येत नसत, म्हणून ते सुतारकामात प्रत्येक मापाचा तपकिरी कागद कापायचे. मला आकडे येतात, तरी कागदच कापतो. जुन्या इंजिनाच्या बुडाचा कागद काढला, पंपाचा काढला, धुराच्या नळीचा काढला. आणि पहिलंच भोक चुकीच्या बाजूला पाडलं. कागद पालथा धरला होता. आजोबा असते तर त्यांनी मला वर्कशॉपमधून हाकललं असतं. बॉडी काढणाऱ्या माणसाला फोन केला, तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "काका, पहिलं भोक सगळ्यांचं चुकतं, भरा आणि पुढे चला." फायबरचे तीन थर आणि रेझिन लावून भरलं. आता घासल्यावर कुणाला कळणार नाही. तुला कळेल, म्हणून आधीच सांगितलं.

भिंतीवर तुझ्या पावलांचे सात कागद अजून टांगलेले आहेत. पहिला अकरा वर्षांची होतीस तेव्हाचा. त्यातल्या डाव्या पावलाची करंगळी कागदाबाहेर गेली आहे, कारण तुला गुदगुल्या झाल्या आणि तू पळालीस.

पुढे कुठला पाय, ते कळव.

बाबा


११ मार्च

प्रिय भिंगरी,

इंजिन बसलं. बसलं म्हणजे सहा दिवस माझ्या छातीवर बसलं होतं. इंजिनाचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत यायला हवेत, केसभर इकडे तिकडे झालं तरी सगळी स्की थरथरते आणि पंधरा दिवसांत दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचा चुरा होतो. कंपनीच्या बॉडीत ते काम कारखान्यात झालेलं असतं. इथे माझ्या हातात पत्र्याचे पातळ तुकडे, इंजिनाच्या पायाखाली एक घाल, एक काढ, पुन्हा वाकून बघ. पाठीने संप पुकारला. सहाव्या दिवशी दुपारी शाफ्ट हाताने फिरवला, तर तो लोण्यातून फिरावा तसा फिरला. मी एकटाच "वा!" म्हणालो, आणि शेजारच्या शेडमधून रंगारी डोकावला. त्याला वाटलं त्यालाच काहीतरी म्हटलं.

रंगाचं कामही त्यालाच दिलंय. तो म्हणतो ज्वाळा काढतो. मी म्हटलं, ज्वाळा नकोत, साधा पिवळा दे. तुझ्या पहिल्या सायकलचा होता तो.

दांड्याची लांबी ठरवायला कुणीतरी तुझ्या उंचीचं हवं होतं. तुझी उंची असलेली या घरात एकच व्यक्ती आहे. भिंगरी, तुझी आई, जी जन्मात घोट्यापेक्षा खोल पाण्यात उतरली नाही, ती चपला काढून त्या बॉडीत उभी राहिली. दोन्ही हातांनी हँडल धरलं, गुडघे वाकवले, आणि म्हणाली, "आता?" मी म्हटलं, आता काही नाही, हलू नकोस. दोन मिनिटं तशीच उभी होती. मग हळूच तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला लागली. डाव्या बाजूला वळलीसुद्धा! मी माप घ्यायचं विसरून हसत बसलो. ती उतरली, चपला घातल्या, आणि एकदम म्हणाली, "पोरीला यात किती मजा येत असेल, मला कधी कळलंच नव्हतं." मग डोळे पुसायला घरात गेली, आणि वर मला सांगितलं की फायबरची धूळ गेली.

तिने तुला हे सांगितलं नसेल. मी चुगली केली हे तिला कळू देऊ नकोस.

तू पायाचं काही कळवलं नाहीस. मग मी भिंतीवरच्या शेवटच्या कागदावरून खोबणी चिकटवल्या. उजवा पुढे, डावा मागे. आता ते हलायचं नाही.

राहिलं काय, तर इंधनाची टाकी, खालची जाळी, पायाखालची चटई आणि विजेचा डबा. डबा शेवटी बघू.

बाबा


२९ मार्च

भिंगरी,

टाकी झाली. जाळी झाली. चटई चिकटवली. रंग वाळला, पिवळा असा आलाय की वर्कशॉपमध्ये दिवा लावायला नको. पंप तुझाच, पाती नवीन. हँडलच्या मुठी दोनदा बदलल्या, काही कारण नसताना. काल स्टँडची चाकंही पुसली.

तुझी आई चहा घेऊन आली आणि टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "तो डबा आठ दिवस तिथेच आहे. चार तर स्क्रू आहेत. उघडत का नाही तुम्ही?"

मी म्हटलं, झाकणाची रबरी पट्टी मागवली आहे, ती येऊ दे.

पट्टी माझ्या खिशात होती.

बाबा


३ एप्रिल

प्रिय भिंगरी,

आज डबा उघडला. आत काय आहे ते मला माहीत होतं, कारण ते मीच ठेवलं होतं. दोन वायरींची टोकं, पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेली.

हे मी एका दमात लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा मुठी बदलत बसेन.

शर्यतीच्या सकाळी तुझं इंजिन सारखं बंद पडत होतं. तुला वाटलं प्लग खराब आहे. प्लग चांगला होता. बंद करायच्या स्विचमध्ये पाणी गेलं होतं. तोच स्विच, ज्यात तुझ्या मनगटाच्या दोरीची क्लिप अडकवतात, म्हणजे तू पडलीस की दोरी ओढली जाऊन इंजिन थांबावं. नवीन स्विच लावायला अर्धा तास गेला असता आणि तुझी फेरी दहा मिनिटांवर आली होती. तू पाणी प्यायला गेलीस. मी डबा उघडला, स्विचच्या दोन्ही वायरी काढल्या, टेप लावली, झाकण बंद केलं. मग इंजिन काही बंद पडेना. कशानेच पडलं नसतं. बटणाने नाही आणि दोरीनेही नाही. मी मनाशी म्हटलं, शर्यत संपली की मीच पाण्यात उतरून चोक ओढून, हवा कोंडून बंद करीन, कोणाला कळणार आहे. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू उतरली नसतीस. तू त्या वर्षभर त्या फेरीसाठी पहाटे उठत होतीस, आणि मला तुला तिथे उभी बघायची होती. माझी हाव होती ती, तुझी नाही.

तू पडलीस. स्की थांबायला हवी होती, ती गोल वळून तुझ्या अंगावर आली. थंडी म्हणून आयडलही, म्हणजे हँडल सोडल्यावरचा वेगही, मीच चढा ठेवला होता.

यापुढचं जास्त वाईट आहे. बचावाच्या दोन बोटी निघाल्या. मी दुसरीत होतो. पहिली तुझ्याकडे पोचली होती, हे खरं, पण मी माझ्या बोटवाल्याला "स्कीकडे घे" म्हणालो. माझी मुलगी पाण्यात ओरडत होती आणि मी स्कीकडे गेलो. चोक ओढला, म्हणजे ती कशी थांबली हे कुणी बघायच्या आत थांबावी. पंचांनी विचारलं, दोरी लावली होती का? मी म्हणालो, "राहिली असेल गडबडीत." एवढंच. या एका वाक्यावर त्यांनी तुला वर्षभर बंदी घातली आणि क्लबच्या फळ्यावर तुझं नाव लावलं, सुरक्षेचा नियम मोडला म्हणून.

हॉस्पिटलात तू मला म्हणालीस, "बाबा, दोरी होती माझ्या हाताला." मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणालो, तुला नीट आठवत नसेल. तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मग मी घरी येऊन पाच दिवसांत स्की सुटी केली. तू पाण्यात जाऊ नयेस म्हणून नाही. कुणी डबा उघडू नये म्हणून.

तुझ्या आईला हे मी आज दुपारी सांगितलं. तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसली.

माफी मागतो. तू दिलीच पाहिजेस असं नाही. पण तुझी चूक नव्हती, दोरी तू लावली होतीस, हे मला माझ्या हाताने लिहून द्यायचं होतं.

तुझा,
बाबा


१२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

आधीचं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरत होतो. तुझ्या आईने ते शर्टातून काढलं, माझ्याकडे न बघता चपला घातल्या, आणि जाऊन पोस्टात टाकून आली. आल्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "क्लबमध्ये कधी जाताय?"

काल गेलो. महिन्याची सभा होती. सेक्रेटरी म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही, पुढच्या महिन्यात घेऊ. मी म्हटलं, दोन वर्षं थांबलोय, आता दोन मिनिटं तुम्ही थांबा. कागदावर लिहून नेलं होतं, तोंडाने धड बोलता येईल याची खात्री नव्हती. वाचायला लागलो तर चष्मा घरी राहिलेला. शेजारी बसलेल्या रंगाऱ्याचा घेतला. त्याच्या नंबरने अक्षरं डोंगराएवढी दिसत होती, पण वाचलं. वायरी, टेप, चोक, सगळं.

ज्या पंचांना मी खोटं सांगितलं होतं ते उठले, फळ्यापाशी गेले आणि तुझ्या नावाचा कागद काढला. मग मला म्हणाले, "तुमच्या शब्दावर पोरीला शिक्षा दिली आम्ही. तिला विचारलंसुद्धा नाही." ते चिडले होते आणि ते बरोबरच होतं. क्लबच्या शर्यतींतलं इंजिनाचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलंय. तेही बरोबर आहे. तो कागद त्यांनी माझ्या हातात दिला. सोबत पाठवतोय. जाळ, नाहीतर ठेव, तुझी मर्जी.

घरी येताना रंगारी म्हणाला, "चष्मा परत द्या की." तोपर्यंत मी तसाच चालत होतो.

बाबा


४ मे

प्रिय भिंगरी,

गेल्या आठवड्यात तुझं पार्सल आलं.

मला वाटलं पत्र परत पाठवलंस. तुझ्या आईला म्हटलं तू उघड. ती म्हणाली, नाव तुमचं आहे.

तपकिरी कागद. चार घड्या उलगडून वर्कशॉपच्या फरशीवर पसरला, कोपऱ्यांवर लोखंडी पाने ठेवले. तुझी दोन पावलं, पेन्सिलीने काढलेली. डावा पुढे, उजवा मागे. साहजिक आहे, मागच्या पायावर सगळा भार येतो आणि तो भार आता तुझ्या डाव्या गुडघ्याला नको. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी तुला दोन वर्षांपूर्वीच्याच पायांवर उभी करत होतो.

दुसरी घडी उलगडली तेव्हा दोरी खाली पडली. लाल. मनगटाचा पट्टा आडवा कापलेला, हॉस्पिटलच्या कात्रीने कापतात तसा सरळ. क्लिप जागच्या जागी. कागदाच्या कडेला तुझं अक्षर : "हॉस्पिटलच्या पिशवीत होती. इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात सापडली."

मी ते चार वेळा वाचलं. मग खाली फरशीवरच बसलो. तिसऱ्या आठवड्यात! म्हणजे तुझ्या हातात दोरी होती, डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही हे तुला माहीत होतं, आणि तू गप्प राहिलीस. आईलाही सांगितलं नाहीस. मी समजत होतो, मी स्की मोडली म्हणून तू रागावलीस. तू माझ्या बोलण्याची वाट बघत होतीस. दोन वर्षं, बाळा. मी तुला इतकं थांबवलं.

तुझी आई माझ्या शेजारी फरशीवर टेकली. तिने दोरी हातात घेतली, पट्ट्याची कापलेली टोकं जुळवून बघितली आणि म्हणाली, "रडा आता. नंतर त्या खोबणी काढायच्या आहेत."

खोबणी काढायला दोन दिवस लागले. मी लावलेलं काही सहजासहजी सुटत नाही, हे तुला मान्य करावं लागेल. पुन्हा घासलं, पुन्हा फायबर, पुन्हा रेझिन. या वेळी कागद सरळ धरलाय की नाही ते तुझ्या आईने तीनदा तपासलं. कागद भिंतीवर लावलाय, त्या सातांशेजारी आठवा. करंगळी पूर्ण आहे.

डब्यात नवीन स्विच घातला, नवीन वायरी. टेपचा एक तुकडासुद्धा नाही. नळीने पाणी देऊन इंजिन सुरू केलं. पहिल्या झटक्यात लागलं, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. तुझ्या दोरीची क्लिप स्विचमध्ये अडकवली आणि दोरी तुझ्या आईच्या हातात दिली. म्हटलं, ओढ. तिने अशी ओढली की मागे स्टुलावर जाऊन आदळली. इंजिन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली, पुन्हा बंद. एकवीस वेळा. एकवीस वेळा बंद पडलं. बाविसाव्यांदा मी म्हटलं, पुरे, तर ती म्हणाली, "तुमच्यावर कोण विश्वास ठेवतंय," आणि अजून एकदा ओढली.

कापलेला पट्टा मात्र मी शिवलेला नाही. नवा तुझ्या मनगटाच्या मापाने करायचा, आणि ते माप माझ्याकडे नाही.

स्की अजून पाण्यात गेलेली नाही, जाऊ शकत नाही. कागदाच्या तळाशी तू जे शेवटी लिहिलं आहेस, "डबा मी स्वतः तपासणार," ते मी वाचलं. म्हणून डबा उघडाच ठेवलाय. झाकण शेजारी आहे. चार स्क्रू कपाच्या बशीत, आणि बशीला कुणी हात लावायचा नाही असं तुझ्या आईने चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

ते तू लावायचेस.

बाबा